तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटचंच गाणं का फाटतं?

इंदुरात रेकॉर्डी ऐकणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची १९८१ची एका तबकडीची आवृत्ती हाती लागलेली असते. ओरखडा नाही, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ झकास वाजतं. पण दुसऱ्या बाजूला शेवटी ‘वी आर द चॅम्पियन्स’ आलं की गायक फ्रेडी मर्क्युरीचा आवाज नेमका वर चढताना फाटतो. सुई बदलू का?

इतक्यात नको. आधी तबकडीचा हिशेब बघा. इंग्लंडमधल्या मूळ आवृत्तीत १७ गाणी आहेत, मिळून सुमारे ५८ मिनिटं, म्हणजे एका बाजूला साधारण २९. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर १८ ते २२ मिनिटं आरामात मावतात. त्याहून जास्त कोंबायची तर खाचा एकमेकींना खेटून पाडाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि शेवटची खाच लेबलाच्या अगदी जवळ जाते. म्हणून ही रेकॉर्ड लावली की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो.

खरी मेख लेबलाजवळ आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एक फेरा १.८ सेकंदांचा. तेवढ्या वेळात कडेला सुई सुमारे ९२ सेंटिमीटर खाच चालते, लेबलाजवळ जेमतेम ३८. तोच स्वर निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो, त्यामुळे वळणं बारीक आणि तीव्र होतात. साध्या गोल टोकाच्या सुईला ती धड चालता येत नाहीत. ‘स’, ‘श’ सरसरतात, कोरस चिरकतो. आणि या संग्रहात तिथे बसवलंय काय, तर सगळा बँड एकदम उसळणारं गाणं! हळू, मोकळं गाणं त्या जागी खपून गेलं असतं.

म्हणजे थोडं फाटणं तबकडीच्या घडणीतच आहे. बरंचसं मात्र घरी कमी करता येतं.

पहिलं काम सुईच्या भाराचं. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, मागचं वजन फिरवून तरंगता आडवा करा, वजनावरचा आकडा शून्यावर आणा आणि मग कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, कागदावर असेल तेवढा भार द्या. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजला तो दीड ते अडीच ग्रॅमच्या दरम्यान असतो. टोनआर्मवरच्या आकड्यावर विसंबू नका. सराफ्यात दिवसा दागिने तोलतात तसला छोटा डिजिटल काटा घ्या, पण त्याचा पत्रा लोखंडी नाही ना ते पाहा. कार्ट्रिजमधलं चुंबक लोखंडाकडे ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. तोलताना सुई रेकॉर्डच्याच उंचीवर हवी. रेकॉर्ड झिजू नये म्हणून भार कमी ठेवणारे बरेच भेटतात. त्यात उलटंच होतं. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती टोचते.

मग सुईचा खाचेशी असलेला कोन. कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ते मिलिमीटरभर पुढे-मागे सरकवायचं असतं. त्यासाठी कागदी प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन जुळवायचा आखलेला कागद, छापून घेता येतो. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा आणि छापल्यावर पट्टीनं मोजा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. नेहमीच्या बेअरवाल्ड पद्धतीत सुई केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर अचूक सरळ बसते. स्टीव्हनसन पद्धतीत यातला आतला बिंदू ६०.३ वर, म्हणजे लेबलाच्या आणखी जवळ येतो. मधल्या गाण्यांचं किंचित नुकसान होतं, पण अशा ठासून भरलेल्या संग्रहांसाठी मी स्टीव्हनसनच सुचवेन.

एवढं करून एकाच बाजूचा स्पीकर फाटत असेल तर अँटी-स्केटिंग, म्हणजे टोनआर्मची केंद्राकडची ओढ काटणारी सोय, तपासा. दोन्ही फाटत असतील आणि बाजूचं पहिलं गाणंही खरखरत असेल, तर सुई मळलीय किंवा झिजलीय. सुई ब्रशनं मागून पुढे झाडायची, आडवी कधीच नाही. रेकॉर्ड धुवायला डिस्टिल्ड वॉटर वापरा. नर्मदेचं पाणी कितीही गोड असलं तरी सुकल्यावर खाचेत क्षार सोडतं. घरात लताबाईंच्या ७८च्या लाखी तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नका, लाख विरघळते.

सुई घ्यायचीच वेळ आली तर गोल टोकाऐवजी लंबगोल घ्या. आतल्या खाचांत फरक पहिल्याच मिनिटाला कळतो.

सगळं जमूनही तेच गाणं त्याच ओळीला फाटत असेल, तर आधीच्या मालकानं ती रेकॉर्ड जड सुईच्या सूटकेस प्लेअरवर भरपूर वाजवलेली आहे. खाच खरवडली गेली की इलाज नाही. हाच संग्रह पुढे दोन तबकड्यांवरही निघाला. त्यात एका बाजूला जेमतेम १५ मिनिटं येतात. नाहीतर १९७७चा ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ शोधा. त्यात हेच गाणं पहिल्या बाजूला दुसऱ्या क्रमांकावर आहे, कडेच्या ऐसपैस खाचेत.