पंप तासाला दोनदा चालू लागला: जुन्या कॅटमरानची गळती, खाडीपासून यार्डापर्यंत

आमची कॅटमरान म्हणजे दोन हल (होडीची पाण्यात बसणारी कवचं) जोडलेली होडी. खाडीत नांगर टाकला तेव्हा उजव्या हलमधला बिल्ज पंप, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी उपसणारा पंप, तासाला दोनदा सुरू होत होता. डावा हल कोरडा होता. कॅटमरानचा हा मोठा फायदा: दोन्ही हल सारखेच बांधलेले असतात, त्यामुळे एक दुसऱ्याशी ताडून पाहता येतो.

आधी पाण्याची चव घ्यायची. गोडं असेल तर टाकी किंवा पाइप गळतोय, खारं असेल तर समुद्र आत येतोय. आमचं खारं निघालं. मग बिल्ज (हलचा पाणी साचणारा तळ) स्पंजानं टिपून पुसून काढला आणि प्रत्येक कप्प्यात टाल्कम पावडर भुरभुरली. ओघळ पावडरीत रेघ काढत येतो. ती रेघ उलटी धरत मागं जायचं. पाणी जिथे साचलंय तिथूनच ते शिरतंय असं समजून सीलंट फासणं ही नेहमीची चूक. आमच्याकडे पाणी साचत होतं इंजिनाखाली आणि येत होतं दीड मीटर पुढून, आखूड कीलच्या (हलखालच्या उभ्या कण्याच्या) मागच्या टोकापाशी.

जाता जाता थ्रू-हल फिटिंगही (हलच्या आरपार बसवलेली धातूची नळी) तपासली. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागं ठिसूळ, सच्छिद्र तांबं उरतं. खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी दिसलं, तर ती फिटिंग बदलायचीच. तिथे ब्राँझ हवं.

तात्पुरता इलाज बाहेरूनच करावा. पाण्याचा दाब बाहेरून आत असतो, म्हणून बाहेरचं ठिगळ दाबलं जातं आणि आतलं उखडतं. भेगेवरचं शेवाळ आणि रंग खरवडून, पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी बोटानं आत दाबून भरली. पंप दिवसातून एकदाच चालू लागला. दुरुस्तीच्या यार्डापर्यंत जायला तेवढं पुरेसं होतं.

वाटेत ओहोटीला होडी वाळूवर बसवून नीट पाहून घेतलं. हे उधाण चढत असतानाच, म्हणजे भरती रोज मोठी होत जाण्याच्या दिवसांतच करायचं. पुढची भरती आदल्या भरतीपेक्षा मोठी येते आणि होडी हमखास तरंगते. उधाण उतरताना बसवली तर अडकून पडण्याची भीती असते. हाताशी मिळतात जेमतेम चार-पाच तास. तेवढ्यात भेग वाळत नाही, मग तिथे फायबर चढवण्यात अर्थ नाही. पण बाहेरचं पाणी ओसरल्यावर आतलं पाणी भेगेतून पाझरू लागलं आणि तिची खरी लांबी दिसली: २० सेंटिमीटर. कधीतरी तळ लागला की कीलचं मागचं टोक हलमध्ये वर रेटलं जातं. अशी भेग बहुधा त्यातूनच पडते.

यार्डात वजन कीलवर ठेवून चालणार नव्हतं. भेग दबलेल्या, वाकलेल्या अवस्थेतच कायमची बंद झाली असती. आधार मुख्य बल्कहेडखाली (हलमधल्या आडव्या भिंतीखाली) घेतले. मग भेग ग्राइंडरनं उघडून गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे ते राहिलं तर जागा कधीच वाळत नाही. सुकवण्यातच सर्वांत जास्त दिवस जातात, आणि ते जाऊ द्यावेत.

तिथे हल भरीव फायबरचा, ८ मिलिमीटर जाडीचा होता. भेगेकडे कडा निमुळत्या घासायच्या; हा उतार जाडीच्या १२ पट धरायचा, म्हणजे भेगेच्या चहूबाजूंनी जवळपास १० सेंटिमीटर. कापड चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं, दोन दिशांच्या तंतूंचं शिवलेलं बायअ‍ॅक्सियल. हातानं बसवलेला एक थर साधारण पाऊण मिलिमीटर भरतो, म्हणून ११ थर लागले. सुट्या तंतूंची साधी मॅट इथे नको, कारण तिचे तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीनं नाही. आमच्या इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण घनफळानं ५ ला १. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर थर मऊच राहतो. एका दमात चारच थर दिले. जास्त दिले की उष्णता साठून रेझिन तापतं. प्रत्येक टप्प्यावर पील-प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड) लावला. तो न लावल्यास वर मेणचट थर येतो. तो पाण्यानं आणि खरखरीत पॅडनं धुवायचा, मग घासायचं. नुसतं आधी घासलं तर तो आणखी पसरतो.

शेवटी वरून इपॉक्सी बॅरिअर कोट (पाणी अडवणारा लेप) दिला. इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट (हलचा नेहमीचा चकचकीत बाहेरचा लेप) नीट पकडत नाही.

याहून महत्त्वाचं काम आत होतं. कीलवरच्या दोन आडव्या रिब (तळाला मजबुती देणाऱ्या फासळ्या) हलपासून सुटल्या होत्या. फटीत पातळ पाती सरकत होती. त्या तशाच ठेवल्या असत्या तर तळ पुन्हा लवचिक राहून भेग त्याच जागी उघडली असती. जुनं फायबर काढून दोन्ही कडांना घट्ट इपॉक्सीची गोलाई दिली आणि वर तीन-तीन थर चढवले.

पाण्यात उतरवताना होडी क्रेनच्या पट्ट्यांवरच तासभर ठेवली. बिल्जमध्ये पुन्हा पावडर टाकली होती. ती कोरडी राहिल्यावरच पट्टे सोडायला सांगितलं.