अकरा महिने

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

शेंगदाणा परत आला.

दुपारी अर्धं शटर ओढून दुकानातच लवंडलो होतो, तर बाहेर रिक्षा थांबली. आधी पिशवी उतरली. तिच्यात स्टीलचं भांडं, पट्टा, अर्ध्यावर आलेलं खाण्याचं पोतं, लसीकरणाची फाइल आणि एक कान नसलेलं कापडी माकड. मग शेंगदाणा उतरला. सगळ्यात शेवटी तो मुलगा, ज्याने हे कुत्रं माझ्याकडून नेलं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर विचारायचं काही उरलं नाही.

"काका, ॲग्रीमेंट संपलं. मालकाला भाडं वाढवून हवंय. नवीन जागा मिळालीय बाणेरला, पण तिथे..."

नवीन जागेचा करार त्याने मोबाइलवर दाखवला. सदर जागेत कोणताही पाळीव प्राणी ठेवता येणार नाही. हे वाक्य मी स्वतः किती वेळा टाइप केलं असेल याची मोजदाद नाही. माझं दुकान झेरॉक्सचं. पण झेरॉक्सवर आता पोट भरत नाही. भरतं ते भाडेकरारांवर. अंगठ्याचं मशीन पिशवीत घालून लोकांच्या घरी जायचं, दोघांचे अंगठे घ्यायचे, फोटो काढायचे, नोंदणी करून द्यायची. आठवड्याला पाच-सहा तरी होतात. बहुतेक सगळे अकरा महिन्यांचे.

आणि गेल्या सप्टेंबरात अडीच महिन्यांचं पिल्लू या मुलाच्या हातात देताना मी काय विचारलं होतं? कुत्र्यांची आवड आहे का. आधी पाळलंय का. नसबंदी करशील ना. सगळ्याला हो म्हणाला, आणि सगळं केलंही त्याने. फाइल बघितली. आठ-नऊ रोगांची एकत्र लस वेळेवर, तिचे बूस्टर वेळेवर, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, आठव्या महिन्यात नसबंदी. महापालिकेचा परवानासुद्धा काढलाय, जो आमच्या सोसायटीतल्या बंगलेवाल्या लॅब्रेडॉरलाही नाही. फक्त "घर तुझं की भाड्याचं" हे मी विचारलं नाही. दिवसभर तेच विचारत बसणारा माणूस मी!

कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं.

मुलगा रडत होता. मला रागवायचं होतं, पण रागवायला धड जागाच सापडेना. रिक्षा वळल्यावर शेंगदाणा रस्त्याकडे तोंड करून बसला. संध्याकाळी साडेसातपर्यंत तसाच. मधे पाऊस आला तरी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस झड लागलीय. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रोड तुंबलाय, दुकानात गिऱ्हाईक नाही.

आज एक मूर्खपणा केला. शेंगदाण्याची आई, काळी, आमच्याच दुकानाच्या पायरीवर असते. म्हटलं, मायलेकरांची भेट घडवू. मुलगी म्हणाली, "बाबा, सिनेमा नाहीये हा." ऐकलं नाही. पट्टा धरून त्याला पायरीपाशी नेलं. काळीने मान उचलली. त्याच्या शेपटीखाली हुंगलं, मग कानाशी. हा वेडा शेपूट हलवत खाली वाकला. आणि तिच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत उभे राहिले, वरचा ओठ मागे गेला. मधे हात घातला तो मी.

रक्त आलं नाही, करंगळीवर दाताचा ओरखडा तेवढा. तिला माझा हात चावायचाच नव्हता, तो वाटेत आला. तरी नळाखाली साबण लावून घड्याळ बघत पंधरा मिनिटं धुतला. शेजारचा पानवाला चुना घेऊन आला. आमच्या गावी मिरचीपूड भरायचे, बिब्बा लावायचे. त्याला म्हटलं, चुना पानाला लाव.

काळीला दरवर्षी रेबीजची लस आहे, मला ठाऊक आहे. तरी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे पैसे पडत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुत्र्यावर भरवसा ठेवा, लशीच्या तारखा चुकवू नका. आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दोन्ही दंडांवर कातडीत बारीक टोचतात. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे दिवस कधीच गेले, हे लोकांना अजून पटत नाही. त्या भीतीने कितीतरी जण दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, आणि रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की माणूस वाचत नाही.

काळी मात्र गेल्या पावसाळ्यापासून मनात खुपते. तिचं पोट मला दिसत होतं. नसबंदीसाठी महापालिकेच्या गाडीला फोन करायचा, करायचा म्हणत राहिलो. कुत्रीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात, आपली टाळाटाळ तेवढ्यात सहज मावते. विजेच्या डीपीच्या मागे सहा पिल्लं झाली. दोन पार्व्होने गेली. पार्व्होत पिल्लू आधी खाणं सोडतं, मग रक्ताची हगवण, की दोन दिवसांत संपलं; तो वास अजून नाकात आहे. एक टँकरखाली आलं. उरली तीन, दोन माद्या आणि हा. ह्याला आठ फोन आले. माद्यांना एकही नाही. "नर आहे का? मादी नको, भानगड होते." अहो, नसबंदी केल्यावर कसली भानगड? त्यातली एक काळीकुळकुळीत, तिच्या तर फोटोलाही कोणी थांबेना. शेवटी दोघी एकाच घरी गेल्या, भोरजवळ, आमच्या कागदवाल्याच्या बहिणीकडे. मस्त आहेत.

काळीची नसबंदी नंतर झाली. गाडी जाळी घेऊन आली, चार-पाच दिवसांनी नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पाडून तिला ह्याच पायरीवर आणून सोडलं. तेव्हा मीही इतर दुकानदारांसारखाच चिडलो होतो. नेलं तर परत कशाला आणता? पण मधल्या चार दिवसांत पायरी मोकळी बघून वरच्या गल्लीतली दोन अनोळखी कुत्री येऊन बसली होती, गिऱ्हाइकांवर गुरगुरत. काळी आली तशी ती पळाली. त्या दिवसापासून मी ह्या विषयावर गप्प आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल दुसरं इंजेक्शन.

कालच सुप्रीम कोर्टाचा नवा आदेश आला. ११ तारखेला दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता निकाल लागला होता, की भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, सोडू नका. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवाळी चालू होती. दिल्ली कुठे, धायरी कुठे! कालच्या आदेशाने ते फिरवलं. नसबंदी, लस करून होतं त्या जागी सोडा. रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि अंगावर जाणारी सोडू नका. खायला घालायचं तर ठरवून दिलेल्या जागी, रस्त्यात नाही.

दुकानात सकाळपासून सभा. एक निवृत्त मास्तर येतात, पेन्शनच्या कागदांना. ते म्हणाले, १८३२ साली मुंबईत कुत्री मारायच्या सरकारी हुकमावरून पारशांनी दंगल केली होती, शहर बंद पाडलं होतं. "दोनशे वर्षं होत आली, वाद तिथेच." मग कोणीतरी नामदेवांना आणलंच. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावले, वगैरे. खंडोबाचं कुत्रं झालं, दत्ताची चार झाली. मी म्हटलं, नामदेवांनी तूप दिलं, लस टोचायला तर नाही ना धरावं लागलं त्यांना.

खायला घालणाऱ्यांशीही माझं जमत नाही, हे इथे लिहून ठेवतो. रोज रात्री दहाला एक बाई स्कूटरवरून येतात, जिन्याच्या तोंडाशी बिस्किटं टाकतात आणि निघून जातात. माया खरी आहे. पण पहाटे त्याच जिन्यातून दुधाच्या पिशव्या आणायला माझी ८४ वर्षांची आई वॉकर घेऊन उतरते. बिस्किटं कुत्र्यांसाठी धड नाहीत आणि जागा माणसांसाठी. हे त्यांना सांगायला गेलो तर मी प्राणीद्वेष्टा. उद्या कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये भांडं ठेवून बघतो, वेळ ठरवून.

त्या आदेशात आणखी एक ओळ आहे, तिच्याविषयी कोणीच बोललं नाही. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर पालिकेकडे अर्ज करा, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. मी ती ओळ दोनदा वाचली. शेंगदाणा तेव्हा टेबलाखाली माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला होता.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती बसलेत. कोपऱ्यावरच्या मांडवात स्पीकरची भिंत. पहिला ठोका पडला तसा शेंगदाणा झेरॉक्स मशीनच्या मागे जाऊन घुसला, वायरी उपटल्या, तासभर थरथरत होता. त्या मुलाला फोन केला. म्हणाला, "काका, फटाक्यांना पण असंच करतो. मी बाथरूममध्ये नेऊन एक्झॉस्ट लावायचो, मग शांत व्हायचा." दिवाळीत पट्टे तुटून किती कुत्री हरवतात, तेव्हा हा बाथरूममध्ये कुत्र्याशेजारी बसून राहिला होता. हे मला कधी कळलंच नसतं.

घरी नेता येत नाही. हा प्रेमाने अंगावर उडी मारतो आणि आई पडली तर खुबा जायचा. रात्री मी नाहीतर मुलगी दुकानात झोपतो. बायको म्हणते, "अहो, कुत्र्याला घर मिळेपर्यंत तुमचं जाईल."

जाहिरातीवर बरेच फोन आले. एकाला मुळशीला फार्महाऊसवर राखणीला हवाय. तिथे कोण असतं? "शनिवार-रविवार आम्ही जातो ना." म्हणजे पाच दिवस साखळी. दुसरीला मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय, आणि "अजून लहान नाही का मिळणार?" एकाने हस्की, तो बर्फातला केसाळ कुत्रा, आहे का विचारलं. पुण्याच्या एप्रिलमध्ये हस्की! एक जोडपं फार गोड बोललं, दोघांना आवड, दोघांनी लहानपणी पाळलेली. विचारलं, बुधवारी सकाळी अकरा वाजता घरी कोण असतं? गप्प. मग दुसरा प्रश्न, घर कोणाचं? भाड्याचं. करार बघू? करारात तेच वाक्य. "पण काका, सोसायटीला कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, मी वाचलंय." बरोबर वाचलंय. सोसायटीला येत नाही. पण मालकाने करारात घातलेल्या अटीवर तू सही केलीयस, बाळ, अंगठासुद्धा दिलायस.

त्यांना वाईट वाटलं असेल. मी भाड्याच्या घराला नाही म्हणत नाही, नाहीतर पुण्यात एकही कुत्रं दिलं जायचं नाही. मालकाला फोन लावा, ती ओळ काढून घ्या, डिपॉझिट वाढवून द्या. नवा मसुदा मी फुकट करून देतो म्हटलं. परत फोन आला नाही.

७ सप्टेंबर, रविवार

रात्री खग्रास चंद्रग्रहण. बायको म्हणाली, आज नका नेऊ. कुत्र्याला कसलं ग्रहण म्हटलं आणि सकाळी निघालो.

नांदेड फाट्याच्या पुढे, स्कूलबस चालवणाऱ्याचं घर. दोन खोल्या, पत्र्याची पडवी, पण स्वतःचं. लाइटबिलावरचं नाव बघितलं. त्याला हसू आलं, तरी आतून घरपट्टीची पावतीही घेऊन आला. बायको शाळेत मदतनीस, दोघं सकाळी सहाला बाहेर. घरी दिवसभर त्याचे वडील, सत्तरीचे, गुडघ्याला पट्टा बांधलेले, पडवीत खाटेवर.

गेटखालची फट बघितली, शेंगदाण्याचं डोकं आरामात जाईल एवढी. विटा लावायला सांगितल्या. तिथल्या तिथे लावल्या. कांदा, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे द्यायचे नाहीत, हे वहिनींना सांगितलं. ताप आला म्हणून घरातली तापाची गोळी तर अजिबात नाही. गोचिडांनी ताप येतो तो वेगळा, डॉक्टरकडेच. त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. आवाजाचंही सांगितलं, बाथरूमचं. त्यांच्याकडे एक्झॉस्ट नाही. म्हाताऱ्याने तिथूनच हात केला, "रेडिओ आहे."

मग मला म्हणाला, "रात्री भुंकतो का?"

खोटं कशाला बोला. म्हटलं, भुंकतो.

"मग बरंय. मला झोप नसतेच."

कागद केला नाही. दहा दिवस ठेवा, जमलं तर सह्या करू, नाही जमलं तर मला फोन, रात्री दोनलासुद्धा. रस्त्यावर सोडायचा नाही, दुसऱ्या कोणाला परस्पर द्यायचा नाही. एवढं तोंडी. निघताना शेंगदाणा गेटपर्यंत आला, विटा हुंगल्या, माझ्याकडे बघत बसला. मी गाडीला किक मारून मागे न बघता आलो. त्या मुलाला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला, मग बऱ्याच वेळाने विचारलं, "माकड दिलंत ना?"

दिलं.

संध्याकाळी एक करार होता. नवीन लग्न झालेली मुलं, सामान अजून टेम्पोत. अंगठे घेऊन झाल्यावर मी विचारलं, कुत्रं वगैरे पाळायचा विचार आहे का पुढे? दोघं एकमेकांकडे बघायला लागली. "नाही हो काका, का?" काही नाही म्हटलं, सहज.

शेवटचं इंजेक्शन मंगळवारी, १६ तारखेला. ते झालं की दवाखान्यातून तसाच पुढे नांदेड फाट्याला जाऊन येईन म्हणतो.