झाडांच्या ओळखीने पक्षी

पक्षी पाहायचे असतील तर आधी झाडे ओळखायला शिकावीत, या मतापर्यंत मी पुण्याच्या वेताळ टेकडीवर चालता चालता आलो. दुर्बीण गळ्यात अडकवून हालेल त्या पानामागे धावणारा माणूस तासाभरात थकतो; ज्याला पांगारा कधी फुलतो आणि उंबर कधी पिकतो हे ठाऊक असते, तो योग्य झाडासमोर जाऊन निवांत उभा राहतो, आणि पक्षी आपणहून त्याच्या समोर येतात.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी शहराच्या मधोमध असल्यामुळे सकाळी तिथे माणसांची वर्दळ भरपूर असते. बहुतेकांची नजर घड्याळावर किंवा पावलांच्या आकड्यावर असते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण पांगाऱ्याला लालभडक तुरे लागले की त्यांच्यापैकीही काही जण थबकतात, कारण त्या झाडावरचा गोंगाट कानांआड करता येत नाही. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर आणि अधूनमधून पाहुण्या पळसमैनांचा थवा, असा सगळा गोतावळा मधासाठी एकाच झाडावर भांडत असतो आणि त्या भांडणातच कपाळाला परागकण फासून घेऊन पुढच्या झाडावर जातो.

पायथ्याच्या आंब्यावर बांडगूळ आहे. बागाईतदाराला ते डोळ्यांसमोर नको असते आणि त्याचे बरोबरही आहे. पण मला मात्र फुलटोच्यासाठी तिथे थांबावेच लागते. जेमतेम अंगठ्याएवढा, राखी-मातकट रंगाचा हा पक्षी इतका साधा दिसतो की त्याच्या ‘चिक् चिक्’ आवाजावाचून तो तिथे आहे हे कळणारही नाही. बांडगुळाची नळीसारखी कळी चोचीने दाबली की ती फटकन उघडते, आणि फुलटोच्या आतला मध घेतो. पुढे फळे धरली की तो ती गिळतो. गर पचतो, पण बी काही मिनिटांतच चिकट धाग्यासह बाहेर येते. ते अंगाला चिकटून राहते म्हणून पक्षी फांदीवर बूड घासतो, बी सालीला घट्ट बसते आणि तिथेच रुजते. बांडगुळाची पेरणी अशी चालते, आणि पेरणाऱ्याला तिची गंधवार्ताही नसते.

पावसाच्या तोंडावर पावशा ओरडू लागतो आणि त्याच सुमारास आफ्रिकेकडून चातक येतो. केवळ पावसाचे थेंब पिऊन जगणारा म्हणून कवींनी ज्याला डोक्यावर घेतले, तो चातक आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो, हे पाहिले की काव्याला जरा मुरड घालावीशी वाटते. नवरंगही याच दिवसांत येतो. तो दिसतो त्याहून अधिक ऐकू येतो. करवंदीच्या जाळीखाली पालापाचोळा उलथून किडे टिपत असतो, आणि म्हणून ज्याला जाळी ठाऊक त्यालाच तो भेटतो. त्याच्या फोटोसाठी मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवणारी मंडळी मला अजिबात आवडत नाहीत. विणीच्या दिवसांत कोणी प्रतिस्पर्धी आला आहे या समजुतीने तो खाणेपिणे सोडून धावत येतो, आणि पुढ्यात असते ती माणसांची रांग.

टेकडीवरचा खरा वाद मात्र गिरिपुष्पाचा आहे. मध्य अमेरिकेतले हे झाड झटपट वाढते, उघड्या मुरमाडावरही तग धरते, म्हणून ते पुण्याच्या टेकड्यांवर सढळ हाताने लावले गेले. वसंतात त्याचा फिकट गुलाबी बहर देखणा दिसतो, यात शंका नाही; पण पांगाऱ्यासमोर जेवढी गर्दी दिसते तिच्या पासंगालाही ती इथे पुरत नाही. भुंगे येतात, एखाददुसरा शिंजीर येतो, आणि बाकी उतार सुना असतो. सालई, मोई, मेडशिंगी, वारस ही इथलीच झाडे जिथे टिकून आहेत, तिथला आवाजच वेगळा असतो.

तरीही सगळे गिरिपुष्प एका हंगामात तोडून टाकावे, या आग्रहाशी मी सहमत नाही. त्याच्या सावलीत माती थोडी धरून राहिली आहे, आणि त्याच्या पाचोळ्यातही किडे होतातच. शिवाय उघड्या पडलेल्या उतारावर घाणेरी आधी पोहोचते. मोई आणि पांगारा यांच्या जाड फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर रोवल्या तरी जीव धरतात, त्यामुळे आहे त्या गिरिपुष्पाच्या मधल्या मोकळ्या जागांत त्यांची लागवड आधी करावी, आणि ती डोक्याच्या वर गेली की शेजारचे एकेक गिरिपुष्प काढत जावे.