प्रदर्शन मे महिन्यात नको

आमच्या चित्रकारांच्या गटात दरवर्षी हा वाद रंगतो. बहुतेकांना चित्रप्रदर्शन मे महिन्यात हवं असतं. शाळांना सुट्टी, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मंडळी गावी आलेली, लग्नसराईमुळे बाजारात माणसंच माणसं. मुद्दा खोटा नाही. तरी मी दरवेळी विरोध करते, आणि का करते ते यंदा सविस्तर लिहून ठेवते.

अमळनेर घ्या नाहीतर जळगाव-भुसावळ, मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. भरदुपारी पत्र्याच्या सभागृहात चित्रालाही त्रास आणि बघणाऱ्यालाही. मग कूलर लावा, ते पुरले नाहीत की भाड्याचा एसी आणा, लाइट गेली तर जनरेटर ठेवा. प्रदर्शनातली सगळ्यात जास्त वीज आणि डिझेल तिथेच जातं. बरं, कूलरची हवा कागदाला सोसत नाही. बाहेर कोरडी ठणठणीत हवा आणि आत दमट झोत. कूलरसमोर टांगलेल्या जलरंगाच्या चित्राचा कागद संध्याकाळपर्यंत फुगून पुढे येतो, रात्री कूलर बंद झाला की परत आक्रसतो. कडांनी चिकटवलेला असेल तर त्या ओढाताणीत सुरकुती पडते आणि ती कायमची राहते.

पूर्वी मोठ्या संग्रहालयांचा दंडक कडक होता. तापमान २१ अंशांच्या आसपास, आर्द्रता ५० टक्के, चढउतार जेमतेम. त्यासाठी यंत्रं रात्रंदिवस चालू ठेवावी लागत. २०१५ मध्ये जगभरच्या मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांनी, म्हणजे बिझो गटाने, बहुतेक कलावस्तूंना १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता चालेल असं मान्य केलं. बदल मात्र सावकाश व्हायला हवा, एकदम नाही. मी हे वाचलं आणि मला आमचे मार्गशीर्ष-पौष दिसले. जाड भिंतींच्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये तेव्हा दिवसा पंखासुद्धा लागत नाही. जी हवा देवाने फुकट दिली आहे ती सोडून आपण मे महिन्यात ती विकत का घ्यायची? गावी येणाऱ्यांचीच काळजी असेल तर दिवाळीलाही सगळे येतातच. दिवाळीनंतरचा आठवडा घ्या.

दुसरं भांडण फ्लेक्सशी. चार दिवसांच्या प्रदर्शनाला प्रवेशद्वारावर मोठा फ्लेक्स, आत प्रत्येक चित्रकाराच्या परिचयाचा सनबोर्ड, पाहुण्यांच्या स्वागताचा आणखी एक फ्लेक्स. तारीख छापली की पुढच्या वर्षी तो निकामी. ‘शेतात कामाला येतो’ असं लोक म्हणतात. येतो, चाऱ्यावर झाकायला येतो. पण फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर चढवलेलं पीव्हीसी. आपल्याकडच्या उन्हात तो तडकतो, त्याचे पापुद्रे निघतात आणि ते मातीतच राहतात. दोन पदार्थ एकजीव झालेले असल्यामुळे भंगारवालाही घेत नाही. पेटवला तर हायड्रोजन क्लोराइडसारखा विषारी वायू निघतो. सुंदर निसर्गचित्रं दाखवायची आणि मागे हे ठेवून जायचं, हे मला सहन होत नाही.

म्हणून आम्ही मांजरपाटाकडे वळलो. कापसाच्या मुलखात कापड शोधायला लांब जावं लागत नाही. नाव आणि बोधचिन्ह ब्रशने रंगवलेलं, तारखेची पट्टी वेगळी, टाके घालून जोडलेली. दरवर्षी फक्त पट्टी बदलायची. चित्रांखालची नावं सुंदर अक्षराच्या मुली हाताने लिहितात आणि आम्ही ती मैद्याच्या खळीने चिकटवतो. मोरचूद घालायची गरज नाही, खळ चारच दिवस टिकायची असते. ओल्या फडक्याने पुसली की निघते. डबल टेप मात्र भिंतीचा रंगही ओरबाडून नेतो.

माझा सगळ्यात लाडका विषय म्हणजे फ्रेमा. आपल्याकडे जलरंगात काम करणारे बहुतेक जण हाफ इम्पिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंचांचा कागद वापरतात. मग प्रत्येकाने नवी फ्रेम का करायची? आम्ही एकाच मापाच्या फ्रेमा गटाच्या मालकीच्या करून घेतल्या. लहान चित्र असेल तर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, बदलतो. मागच्या बाजूला खिळे आणि ब्राऊन टेपऐवजी फिरत्या पत्री क्लिपा आहेत. त्या फिरवल्या की पाठ निघते, चित्र सरकवायचं, परत फिरवायच्या. आमच्या सुतार मिस्तरींनीच हे सुचवलं. ‘ताई, खिया ठोका का फ्रेम मरनी समजा,’ असं ते अहिराणीत म्हणाले होते. म्हणजे खिळा ठोकला की फ्रेम मेलीच समजा. नेताना काचेला काच आणि पाठीला पाठ लावायची, म्हणजे हुकांचे ओरखडे पडत नाहीत, आणि मध्ये जुनी गोधडी. बबलरॅप आणणं बंद झालं. काच ठेवावी की ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, शीट, यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत काचेला आहे. ती जड असते, पण वर्षानुवर्षं स्वच्छ राहते.

बाहेरच्या चित्रकारांना आम्ही नुसता कागद पाठवायला सांगतो, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून. लंडनच्या गॅलऱ्यांनी २०२० मध्ये गॅलरी क्लायमेट कोअ‍ॅलिशन उभी केली. २०३० पर्यंत उत्सर्जन निदान निम्म्यावर आणायचं असं त्यांचं उद्दिष्ट आहे, आणि विमानाने चित्रं पाठवू नका, जहाजाने पाठवा, हा त्यांचा मोठा आग्रह आहे. आमची चित्रं काही विमानात बसत नाहीत, पण टेम्पो रिकामा परत येणं आपण थांबवू शकतो. भुसावळ-सुरत मार्गावर धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार ही गावं ओळीने आहेत. प्रत्येक गावाने आपलं वेगळं प्रदर्शन, वेगळे स्टँड, वेगळा टेम्पो करण्यापेक्षा एकच संच पुढे पुढे सरकवावा. बघणारे तर रेल्वेने किंवा एसटीने येतातच.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं काम बघताना हे फार जाणवतं. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी छायाचित्रं काढली, आणि ते ज्या घरात राहिले आणि १९८९ मध्ये गेले, तिथेच ती आपण पाहतो. चित्रं कुठे जात नाहीत, माणसं गाडीने उतरून तिथे पोचतात.

यंदाचा संच दिवाळीनंतर अमळनेरहून निघावा असं मी मांडणार आहे. दोंडाईचा किंवा नंदुरबारला जाड भिंतींचा, उत्तरेला खिडक्या असलेला हॉल कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. दिवसा दिवे लागले नाहीत तर फारच उत्तम. लागलेच तर हॅलोजन मात्र नकोत. ५० वॉटच्या एका हॅलोजनच्या जागी ७ वॉटचा एलईडी पुरतो आणि चित्राला झळ लागत नाही.