प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट, एकटीने: पाकीट सांभाळा, बाकी सगळं सोपं आहे

प्रागच्या ओल्ड टाउन स्क्वेअरच्या आसपास 'झिरो कमिशन' लिहिलेल्या कुठल्याही खिडकीवर पैसे बदलू नका. वेळ नसेल तर एवढंच वाचून थांबलात तरी चालेल.

निघण्याआधी ज्याला विचारावं तो सांगत होता, "युरो घेऊन जा, सगळीकडे चालतात." चालत नाहीत. तीन शहरांपैकी फक्त व्हिएन्नात युरो आहे. चेक प्रजासत्ताकात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट. हे तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, म्हणून व्हिसा एकच, सीमेवर सहसा कुणी हटकतही नाही, पण चलनाचा आणि शेंगेनचा काही संबंध नाही. काही दुकानं युरो घेतात, पण दर स्वतःच्या मर्जीचा लावतात. हिशेबाला सोपी युक्ती: कोरुनाला चाराने गुणा, फोरिंटला चाराने भागा, की साधारण रुपये येतात.

आता ती खिडकी. बाहेर मोठ्या अक्षरांत 'नो कमिशन', शेजारी युरोपियन युनियनचा झेंडा, आत काचेमागे एक तरुण. एका युरोला तेव्हा साधारण साडेचोवीस कोरुना मिळायला हवे होते. मी २०० युरो सरकवले, हातात ३५०० कोरुना आले. म्हणजे दर साडेसतरा. कमिशन खरंच शून्य होतं, दरातच सगळं कापून घेतलं होतं. फरक १४०० कोरुनांचा, आपले साडेपाच हजारांच्या वर. विचारलं तर त्याने बोट दाखवलं फलकाच्या खालच्या ओळीकडे: चांगला दर बड्या रकमेला, किरकोळ लोकांना हा. ती ओळ वाचायला काचेला नाक लावावं लागतं.

संतापून हॉटेलवर गेले. तिथल्या रिसेप्शनवरच्या बाईंनी पावती पाहिली, वेळ पाहिली आणि म्हणाल्या, लगेच परत जा. चेक कायद्यात एप्रिल २०१९ पासून अशी तरतूद आहे की १००० युरोपर्यंतचा चलनबदल तीन तासांच्या आत, काहीही कारण न देता, फुकट रद्द करता येतो. पैसे तेवढेच्या तेवढे आणि पावती हातात हवी. मी एकही कोरुना खर्च केला नव्हता, हे नशीब.

परत गेले. तरुण आधी म्हणाला, "नो रिफंड." मग म्हणाला, मॅनेजर नाही. मग इंग्रजीच कळेनासं झालं. मी पावतीवरच्या वेळेवर बोट ठेवून उभी राहिले, आणि रिसेप्शनवरच्या बाईंनी कागदावर लिहून दिलेले तीन शब्द काचेला चिकटवले: चेक नॅशनल बँक. या खिडक्यांवर देखरेख तिचीच. माझ्यामागे दोन कोरियन मुली पैसे बदलायला उभ्या होत्या, त्यांना मी मोठ्याने दर सांगितला. त्या निघून गेल्या, आणि मग माझ्या चार नोटा काचेखालून बाहेर आल्या. आपल्या बँकेत पासबुक छापून घेताना लागते तेवढीच चिकाटी पुरे.

हा नियम चेक देशाचा आहे. बुडापेस्टमध्ये तो गृहीत धरू नका, आणि एटीएमला तो कुठेच लागू नाही. रस्त्यात कुणी जवळ येऊन "चांगला दर देतो" म्हणाला तर थांबूसुद्धा नका. बल्गेरिया, बेलारूसच्या बाद झालेल्या नोटा हातात टेकवून पसार होणारी मंडळी प्रागमध्ये वर्षानुवर्षं आहेत.

मुळात प्रागमध्ये रोख लागते किती? स्वच्छतागृह, एखादी टपरी, छोटा बाजार. हजार कोरुना खूप झाले, ते खऱ्या बँकेच्या दारातल्या एटीएममधून काढा. दर चौकात, दर किराणा दुकानाच्या कोपऱ्यात जी खासगी यंत्रं आहेत ती टाळा. आणि बँकेचं यंत्र असो वा खासगी, स्क्रीनवर 'विथ कन्व्हर्जन' आणि 'विदाऊट कन्व्हर्जन' असं आलं की नेहमी 'विदाऊट'. काही यंत्रांवर त्याऐवजी 'डिक्लाइन' असतं. डिक्लाइन दाबलं की व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटते, पण होत नाही. पैसे येतात, फक्त दर तुमच्या बँकेचा लागतो. हॉटेल आणि दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो. "रुपयांत घेऊ का?" असं गोड आवाजात विचारतात. नाही म्हणा.

फॉरेक्स कार्डाबद्दल: एजंटने युरो भरून दिले आणि "तिन्ही देशांत वापरा" म्हणाला. वापरता येतं, पण कोरुना आणि फोरिंटच्या प्रत्येक व्यवहाराला वेगळं क्रॉस-करन्सी, म्हणजे चलन बदलण्याचं, शुल्क कापलं जातं. हे तो सांगत नाही. या मार्गासाठी परदेशी खर्चावर मार्कअप, म्हणजे वरची टक्केवारी, न घेणारं कार्ड असेल तर तेच न्या.

जुन्या लेखांवर विश्वास ठेवू नका, हेही अनुभवाने सांगते. प्राग विमानतळावरून शहरात यायला सगळीकडे ११९ नंबरची बस लिहिलेली आहे. २०२४ पासून तिच्या जागी ५९ नंबरची ट्रॉलीबस आहे. ती नाद्राझी वेलेस्लाविनला सोडते, तिथून मेट्रोची 'ए' लाइन. कागदी तिकीट घेतलं तर पिवळ्या यंत्रात शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस पर्यटक ओळखतात. ट्राममधल्या यंत्रावर कार्ड टॅप करून घेतलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही.

चार्ल्स पूल सकाळी सहाच्या सुमारास गाठा, नंतर गर्दीने चालता येत नाही. १४१० चं ते खगोलीय घड्याळ तासाला वाजतं तेव्हाचा खेळ मिनिटभरात आटोपतो. त्यासाठी ताटकळू नका, आणि उभ्याच राहिलात तर सॅक पुढे घ्या. त्रदेल्निक नावाचा गोड गुंडाळा 'पारंपरिक चेक' म्हणून विकतात. त्यात आइस्क्रीम भरण्याची परंपरा पर्यटकांएवढीच जुनी आहे.

शाकाहारींसाठी प्रागमध्ये तळलेलं चीज मिळतं, स्माझेनी सीर. आवरणात अंडं असतं, सॉसमध्येही. सूप मागवण्याआधी विचारा, बहुतेक मांसाच्या पाण्यात असतं.

प्राग ते व्हिएन्ना रेलजेट या वेगवान गाडीने सुमारे चार तास. माझ्या या प्रवासातला सगळ्यात वाईट टप्पा हाच, आणि दोष गाडीचा नाही. आपल्याकडे कन्फर्म तिकीट म्हणजे सीट आलीच. तिथे तिकीट वेगळं, सीटचं आरक्षण वेगळं. "आरक्षणाची गरज नाही" असं मला दोन ठिकाणी ठामपणे सांगितलं गेलं होतं. नियमाने नाहीच, ते ऐच्छिक आहे. शुक्रवारी दुपारी मात्र आहे. प्रत्येक सीटवर कुणाचं तरी आरक्षण निघालं, मी तीनदा उठवली गेले आणि वाटेतल्या ब्रनो शहरापर्यंत शौचालयाशेजारी बॅगेवर बसले. ब्रनोला विद्यार्थ्यांचा लोंढा उतरला तेव्हा जागा मिळाली. तीन-चार युरोंसाठी एवढं करू नका. तीन शहरांसाठी रेल्वे पास घेऊ नका, सुटी तिकिटं महिना-दोन महिने आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. पास घेतला तरी सीटचे पैसे वेगळेच.

एकट्या माणसाची आणखी एक अडचण कुणी लिहीत नाही: स्टेशनवर बॅग सांभाळायला कुणी नसतं. स्वच्छतागृहाच्या फिरत्या दारातून मोठी बॅग जात नाही. लॉकर आधी शोधा, चहा नंतर. चाकांची मोठी बॅग प्रागच्या दगडी रस्त्यांवर हाल करते. पाठीवरची सॅक न्या.

व्हिएन्ना छान आहे, महाग आहे, काही बिघडत नाही. नळाचं पाणी आल्प्समधून येतं, बाटल्या विकत घेऊ नका. रविवारी दुकानं बंद. मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं, तिथे रांग लावायची तयारी ठेवा. ऑपेराची उभ्याने पाहायची तिकिटं अगदी स्वस्त मिळतात. 

बुडापेस्टला केलेती स्टेशनवर उतरल्या उतरल्या "टॅक्सी, टॅक्सी" करत लोक मागे लागतात. सरळ खाली मेट्रोत जा. टॅक्सी लागलीच तर ॲपवरून मागवा. सुट्या तिकिटाला जिन्याआधीच्या यंत्रात शिक्का हवा. मेट्रोतून ट्रामला गेलात की नवं तिकीट. या कटकटीपेक्षा ७२ तासांचा पास घ्या. हॉटेलात बिलात १२-१५ टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं, तरीही मशीनवर टिप विचारतात. बिल वाचा. एकट्या पुरुषांसाठी: वात्सी रस्त्यावर अनोळखी मुलींनी "चांगला बार माहीत आहे" म्हटलं तर जाऊ नका, बिल पाहून घाम फुटेल.

एवढं सगळं सांगूनही, बुडापेस्टला दोन दिवस जास्त ठेवा, हवं तर व्हिएन्नातले कापा. १८९६ च्या मेट्रोने, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीवरच्या सगळ्यात जुन्या भुयारी मेट्रोने, सेचेनी स्नानगृहाला गेले. बाहेर बोचरी थंडी, हौदात ३८ अंशांचं पाणी, आणि म्हातारे लोक छातीएवढ्या पाण्यात बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले. ब्रनोपर्यंतची पाठदुखी तिथे गेली. टॉवेल आणि चपला घरून न्या, नाहीतर तिथे वेगळे पैसे. जेवायला फोझेलेक शोधा, पातळ भाजीच समजा, वर मांस किंवा अंडं घालू का विचारतात, नको म्हणायचं.

परतीचं विमान बुडापेस्टहूनच घ्या. प्रागला उतरून बुडापेस्टहून निघणारं मल्टी-सिटी तिकीट बहुतेक वेळा फारसं महाग नसतं, आणि उलटा प्रवास वाचतो. व्हिसा ज्या देशात जास्त रात्री त्याच्याकडे मागायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

विमानतळाला थेट जाणारी १००ई बस आहे, पण तिला ७२ तासांचा पास चालत नाही, वेगळं तिकीट लागतं. गाडीत बसल्यावर हे कळलेल्या एका मराठी जोडप्याला ड्रायव्हरने माझ्यासमोर खाली उतरवलं. पास वापरायचा असेल तर मेट्रोच्या एम३ लाइनने कोबान्या-किश्पेश्तला जा आणि तिथून २००ई घ्या. अर्धा तास जास्त धरा.