चूल वेगळी असती तर

गेल्या वसंतात आमच्या टपालपेटीत शहराच्या नियोजन खात्याचं पत्र आलं. वर ठळक अक्षरांत ‘सार्वजनिक सुनावणीची सूचना’, खाली छोटा नकाशा, आणि नकाशात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका घरावर तिरप्या रेघा. सासरे, म्हणजे आमचे बाबा, तेव्हा सहा महिन्यांसाठी इकडे कॅलिफोर्नियात आले होते. सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या बांधकाम विभागात त्यांनी ३१ वर्षं आरेखक म्हणून काढली. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण नकाशा दिसला की हात आपोआप चष्म्याकडे जातो. पत्र माझ्या हातातून गेलं ते थेट खिडकीपाशी, उजेडात.

“मागची सामासिक जागा, म्हणजे घर आणि हद्दीमधली मोकळी जागा, वीस फूट पाहिजे, हा चौदाच ठेवणार म्हणतोय,” दोन मिनिटांत निदान झालं. “सहा फुटांची सूट मागतोय. पण हे पत्र आपल्याला कशाला?”

कॅलिफोर्नियाचा कायदाच तसा आहे. ज्या जागेबद्दल सुनावणी असेल, तिच्यापासून ३०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्या सगळ्यांना किमान १० दिवस आधी कळवावं लागतं. नावं आणि पत्ते मालमत्ता कराच्या यादीतून घेतात, म्हणजे अर्थात मालकांचे. याच शहरात आम्ही नऊ वर्षं भाड्याच्या घरात राहिलो. शेजारी एक अख्खी इमारत उभी राहिली, पण आम्हाला चिठ्ठीसुद्धा आली नव्हती. घर घेतलं आणि वर्षाच्या आत हे पत्र. बाबांना मात्र वेगळीच शंका: “तीनशे फूट मोजायचे कुठून? भिंतीपासून की हद्दीपासून?” हद्दीपासून, हे मी शोधून सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं.

अर्ज होता आमच्या व्हिएतनामी शेजाऱ्यांचा. त्यांच्या म्हाताऱ्या आई आणि आमचे बाबा रोज सकाळी फिरायला जाताना एकमेकांना भेटत. दोघांनाही इंग्रजी बेताचंच, त्यामुळे ओळख नुसत्या मान हलवण्यावर टिकलेली. आजींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांची खोली वरच्या मजल्यावर. मुलाला खाली, स्वयंपाकघराच्या मागे, एक खोली वाढवायची होती. बस्स, एवढंच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या दक्षिणेला जी शहरं पसरली आहेत, त्यांतलं आमचं एक. नाव मुद्दाम लिहीत नाही. इथल्या प्रत्येक प्लॉटवर झोनिंगचा शिक्का असतो: इथे एका कुटुंबाचं घर, इथे दुकानं, इथे हलके कारखाने. घर हद्दीपासून किती आत, किती उंच, किती गाड्यांची सोय, सगळं ठरलेलं. त्यातून वाट काढायचे दोन मार्ग आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. यूज परमिट म्हणजे नियमातच ‘हे चालेल, पण आधी विचारा’ असं लिहिलेली गोष्ट. व्हेरियन्स म्हणजे नियम ‘नाही’ म्हणतोय, तिथे सूट मागणं. पहिल्यात ‘हे इथे नीट चालेल का’ एवढं पाहतात. दुसरं फार अवघड. दोन्हींसाठी प्लॅनिंग कमिशनपुढे उभं राहावं लागतं.

सभेच्या आधी किमान ७२ तास विषयपत्रिका जाहीर करावी लागते. आमच्या शहरात तिच्यासोबत सगळी कागदपत्रंही वेबसाइटवर चढतात. अर्ज, नकाशे, फोटो, शेजाऱ्यांची पत्रं आणि खात्याच्या अधिकाऱ्याने लिहिलेला अहवाल, त्यात ‘मंजूर करा’ किंवा ‘नामंजूर करा’ अशी शिफारससुद्धा. बाबा त्या रात्री अकरापर्यंत लॅपटॉपपुढे बसले होते. “अख्खी फाईल उघडी टाकलीय,” असं तीनदा म्हणाले. एकदा कौतुकाने, एकदा काळजीने आणि तिसऱ्यांदा, मला वाटतं, थोड्या असूयेने. शेजाऱ्यांच्या अर्जावरची शिफारस होती नामंजुरीची.

सुनावणी संध्याकाळी सातला, नगर परिषदेच्या सभागृहात. कमिशनचे सात सदस्य, सगळे नगर परिषदेने नेमलेले, पण कोणी पगारी अधिकारी नाही. एक निवृत्त शिक्षिका, एक सॉफ्टवेअरवाला, एक आर्किटेक्ट, बाकीचेही असेच आपापले उद्योग सांभाळणारे. दिवसभर नोकरी करून आलेली ही माणसं दोनशे पानांचा गठ्ठा वाचून आली होती. निदान पाच जण तरी नक्की वाचून आले होते. उरलेल्या दोघांबद्दल बाबांना दाट संशय होता.

पहिला विषय यूज परमिटचा. हलक्या कारखान्यांच्या भागातल्या एका गाळ्यात एका बाईंना भरतनाट्यमचे वर्ग सुरू करायचे होते. मला वाटलं होतं, आता कलेबिलेवर काही बोलणं होईल. छे! पाऊण तास चर्चा झाली ती गाड्यांवर. एका बॅचला मुली किती, त्यांना सोडायला किती गाड्या येणार, पहिली बॅच सुटताना दुसरी येऊन ठेपली तर रस्त्यावर रांग कुठपर्यंत जाईल? शेवटी अट पडली: दोन बॅचमध्ये १५ मिनिटांचं अंतर, आणि संध्याकाळी मागचं शटर बंद. मला हसू आलं, पण त्यामागे कारण आहे. यूज परमिट माणसाला नाही, जागेला मिळतं. उद्या या बाई वर्ग बंद करून गेल्या आणि तिथे दुसरं कोणी कराटे शिकवायला आलं, तरी परवानगी आणि अटी जागेबरोबर राहतात. म्हणून बाई किती गुणी आहेत हे कोणी विचारत नाही.

‘माणसाकडे पाहू नका’ या शिस्तीच्या मुळाशी याच खाडीवरची एक जुनी गोष्ट आहे. १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर शहराच्या बोर्डाची परवानगी हवी. कारण आगीची भीती. वरवर अगदी रास्त. शहरात सुमारे ३२० लाँड्र्या होत्या, त्यांतल्या ३१० लाकडी इमारतींत, आणि बहुतेक चिनी लोकांच्या. परवानगी कशाच्या आधारावर द्यायची हे नियमात कुठेच नव्हतं, बोर्डाची मर्जी. झालं काय, तर दोनशेच्या आसपास चिनी अर्जदारांना नकार मिळाला, आणि चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांना, एखादा अपवाद सोडला तर, सरसकट होकार. परवानगीशिवाय लाँड्री चालवल्याचा दंड न भरल्यामुळे तुरुंगात गेलेला एक लाँड्रीवाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. ‘यिक वो’ हे खरं तर त्याच्या लाँड्रीचं नाव, पण खटला त्याच नावाने गाजला. १८८६ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की कायदा कागदावर कितीही निष्पक्ष असला, तरी तो डोळे वाकडे करून राबवला तर चालणार नाही. आज गाड्या मोजणारं कमिशन कंटाळवाणं वाटतं खरं. पण जिथे मोजायला काही नसतं, तिथे चेहरे मोजले जातात.

दुसरा विषय व्हेरियन्सचा. एका गृहस्थांना गॅरेज मोठं करायचं होतं. कशासाठी, तर जुन्या मोटारींच्या छंदासाठी. त्यांचा प्लॉट बंद गल्लीच्या टोकाला, पाचरीसारखा. मागून ओढा जातो आणि काठाची जमीन बांधकामाला निषिद्ध. त्यांच्या आर्किटेक्टने फक्त नकाशा दाखवला. शेजारच्या प्लॉटवर बांधायला किती जागा उरते आणि यांच्याकडे किती. दहा मिनिटांत मंजूर.

मग आमचे शेजारी. अध्यक्षांनी नाव पुकारताच एक सदस्य उठले, “माझं घर पाचशे फुटांच्या आत आहे” म्हणाले आणि सभागृहाबाहेर निघून गेले. एवढ्या जवळ सदस्याची स्वतःची मालमत्ता असेल तर त्याचा हितसंबंध आहे असंच राज्याचे नियम सहसा धरून चालतात. बाबा मान वळवून दाराकडे पाहत राहिले. “खरंच गेला?” त्यांनी मला विचारलं. “आमच्याकडे खुर्ची थोडी मागे सरकवतात.”

शेजाऱ्याने मनापासून सांगितलं. आई, ऑपरेशन, जिन्याच्या १४ पायऱ्या. आजी पहिल्या रांगेत जांभळा स्वेटर घालून बसल्या होत्या. त्यांना एक शब्द कळत नसावा. मग नागरिकांची पाळी. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा. मी चिठ्ठी भरली होती. कुटुंब चांगलं आहे, सहा फुटांनी कोणाचं काही बिघडत नाही, असं बोलले आणि पिवळा दिवा लागायच्या आत खाली बसले. माझ्यानंतर एक बाई उठल्या. खोली झाली तर त्यांच्या टोमॅटोंवर सावली पडेल म्हणाल्या. अध्यक्षांनी आम्हा दोघींचेही सारख्याच अदबीने आभार मानले.

निर्णय द्यायची वेळ आली तेव्हा ना माझं शेजारप्रेम कामाला आलं, ना टोमॅटो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात व्हेरियन्सची कसोटी स्पष्ट आहे. जमिनीचा आकार, चढउतार, जागा किंवा आजूबाजूची परिस्थिती यांत असं काहीतरी वेगळं हवं, की नियम तंतोतंत लावला तर त्याच झोनमधल्या शेजाऱ्यांना जे मिळतं ते या मालकाला मिळणार नाही. आणि हे नुसतं म्हणून भागत नाही, पुराव्यानिशी लिहावं लागतं. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या टोपांगा दरीचं प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. एकेक एकराच्या घरांसाठी राखलेल्या भागात २८ एकरांवर फिरत्या घरांच्या ९३ जागा करायला काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, सूट दिली होती. न्यायालयाने ती रद्द केली. प्रकल्प किती चांगला, किती गरजेचा, हे भरपूर सांगितलंत; पण ही जमीन शेजारच्या जमिनीहून वेगळी कशी, ते कुठे आहे? तेव्हापासून इथली सगळी कमिशनं पुराव्यापासून निर्णयापर्यंतची पायरी न् पायरी कागदावर मांडतात. त्या मुद्द्यांना इथे ‘फाइंडिंग्ज’ म्हणतात.

आमच्या शेजाऱ्यांचा प्लॉट सपाट आणि काटकोनी. गल्लीतले सगळेच तसे. आर्किटेक्ट सदस्य अवघडून म्हणाले की आईचे गुडघे हा जमिनीचा गुण नाही. पाच विरुद्ध एक मतांनी अर्ज फेटाळला. एक मत शिक्षिकाबाईंचं, आणि ते कशाच्या आधारावर दिलं हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

मोटारींना छप्पर मिळालं, आजींना नाही. मला राग आला होता. गाडीत बसल्यावर तो बाबांवर निघाला, कारण ते म्हणाले, “निर्णय बरोबर आहे.” मग म्हणाले, “अगं, आई सगळ्यांनाच असते. एकाच्या आईला दिलं की दुसऱ्याच्या आईला द्यावं लागतं. मग ज्याला चांगलं रडता येतं त्याचं काम होतं. आपल्याकडेही आयुक्तांना अडचण दाखवून ‘हार्डशिप’मध्ये सूट मागता येते. प्रीमियम भरायचा. शेजाऱ्याला कळतं ते स्लॅब टाकल्यावर.” त्यांनी अशी किती प्रकरणं टेबलावरून जाताना पाहिली असतील कोण जाणे. मी गप्प बसले. मला ते पटलं होतं, पण आजींचा जांभळा स्वेटर काही डोळ्यांपुढून जाईना.

खरी गंमत पुढेच. सभा संपताना खात्याची तरुण अधिकारी शेजाऱ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “या खोलीत तुम्ही स्वयंपाकघर का घालत नाही?”

घरांच्या टंचाईमुळे राज्याने गेल्या काही वर्षांत शहरांचे हात बांधले आहेत. मूळ घराला जोडून किंवा परसात छोटं स्वतंत्र घर बांधायचं असेल, ज्याला इथे सगळे एडीयू म्हणतात, तर ८०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला शहर नाही म्हणू शकत नाही. मागे आणि बाजूला ४ फूट सोडले की पुरे. सुनावणी नाही, शेजाऱ्यांना पत्र नाही, टोमॅटो नाहीत. पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यायलाच हवा. अट एकच: झोपायला, राहायला, न्हाणीघराला जागा हवी आणि स्वयंपाकाची कायमची सोय हवी. म्हणजे वीसऐवजी चौदा फूट मागणाऱ्या खोलीला नकार, आणि तिच्यात शेगडी बसवली की चार फुटांपर्यंत खुशाल जा. कारण शेगडी असली की ते राज्याच्या हिशोबात एक नवं घर. नसली की नुसती एक खोली.

हे बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. “म्हणजे आईला जवळ ठेवायचं तर सुनावणी, आणि तिची चूल वेगळी करून दिली तर साठ दिवसांत परवानगी! भाऊबंदकीला सरकारी प्रोत्साहन म्हणायचं की.”

पाळणाघरांचंही असंच झालंय. घरात १४ मुलांपर्यंतचं पाळणाघर काढायचं तर पूर्वी बऱ्याच शहरांत यूज परमिटसाठी कमिशनपुढे जावं लागे. १ जानेवारी २०२० पासून राज्याने ते बंद केलं. आमच्या ओळखीतल्या दोन मराठी मैत्रिणी त्याआधी शेजाऱ्यांच्या हरकतींना घाबरून अर्जच करत नव्हत्या. कमिशनच्या टेबलावरून असा एकेक विषय उचलला जातोय, आणि आमच्या गल्लीतल्या जुन्या घरमालकांना त्याचा भयंकर राग आहे. ज्यांना त्या छोट्या घरांत राहायला यायचंय, ते अर्थातच आमच्या तीनशे फुटांत नसतात.

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. शेजाऱ्यांची परवानगी त्याच महिन्यात आली. यंदा टेटला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. केळीच्या पानांत बांधलेले चिकट भाताचे चौकोन, डुकराच्या मांसाचा रस्सा, आमच्यासाठी मुद्दाम केलेलं टोफू. सगळा स्वयंपाक मोठ्या घरातला. जेवणानंतर आजींनी स्वतः हात धरून नवी खोली दाखवायला नेलं. स्वच्छ, उजेडाची, एकही पायरी नसलेली. भिंतीलगत ओटा, सिंक आणि दोन चुलींची विजेची शेगडी. शेगडीवरचा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला नव्हता. त्यावर लाल फीत बांधलेली, कमक्वॉटच्या पिवळ्याधमक फळांनी लगडलेली कुंडी.

मी फोटो काढून बाबांना पाठवला. इथे रात्र, तिथे सकाळ. पाचच मिनिटांत उत्तर आलं.

“कुंडी छान. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं का?”