फ्रॉगवर मरळ बसली, आणि ब्लोअप का वाया जात होते तेही कळलं

मागच्या अपडेटमध्ये लिहिलेलं की फ्रॉगवर (हुक लावलेला पोकळ प्लास्टिकचा बेडूक) ब्लोअप, म्हणजे पाणी उडवत मरळ माशाची झडप, भरपूर पण हुकअप, म्हणजे मासा हुकला अडकणं, एकही नाही, तर मंडळी, रविवारी दारणा धरणाच्या बॅकवॉटरला गाठ सुटली!

थंडी पडल्यापासून तेच चाललेलं. शेवाळाच्या कडेला फ्रॉग टाकायचा, हलक्या टिचक्या देत आणायचा, मोकळ्या जागेत थांबवायचा, मरळ खालून येऊन धाडकन पाणी उडवणार, मी जरा थांबून, ढिली लाइन गुंडाळून हुकसेट (हुक रुतवायला रॉडचा झटका) मारणार आणि फ्रॉग नुसताच हवेतून परत. रॉड हेवी, ब्रेड (विणलेली लाइन) ५० पौंडी, हुकची टोकं नखावर सरकत नाहीत, रुततात. मग बिघडतंय कुठे? फ्रॉगच्या मागचा स्कर्ट (रबरी झालर) अर्धा कापला, डबल हुक पकडीने किंचित बाहेर वाकवला, तरी फरक जेमतेम.

रविवारी उजाडताना फ्रॉग सहज चिमटीत दाबला तर कडक! हाच फ्रॉग घरी दुपारी दाबला की लगेच चपटा होऊन हुकची दोन्ही टोकं बाहेर येतात. फ्रॉगचं पीव्हीसी प्लास्टिक गारठलं की ताठरतं, आणि आपल्याकडची जानेवारीची सकाळ कशी असते ते निफाडकरांना विचारा. अंग दबलंच नाही तर टोकं अंगाच्या आडच राहणार, मरळीच्या त्या हाडाच्या जबड्यात शिरणार कशी?

थर्मासमधलं गरम पाणी झाकणात ओतलं, फ्रॉग बुडवून ठेवला, मऊ झाल्यावर तीच जागा, तोच कास्ट. पाणी फुटलं, थांबलो, मारला आणि रॉड वाकली ती वाकलीच!! शेवाळाचा भलामोठा गठ्ठा घेऊन मरळ काठाला आली, हुक वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात आरपार. दीडेक किलोची असेल, अंगावर काळे पट्टे, काय सुंदर मासा आहे राव. ओल्या हातानेच धरून सोडली. नंतर अजून एक लागली, तीही पाणी बदलून फ्रॉग परत गरम केल्यावरच.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे फ्रॉग मात्र घेऊ नका, माझ्याकडचे उन्हातही दबत नाहीत आणि शिवणीतून पाणी शिरून बुडतात. दुकानात हातात घेऊन, दाबून बघूनच घ्या.

एक्स्ट्रा हेवी रॉड घेणार होतो, ते आता कॅन्सल. त्या पैशात सॉफ्ट टोड (मऊ प्लास्टिकचा बेडूक, हुक वेगळा लावायचा) आणि ५/० ऑफसेट (वाकड्या मानेचा) हुक घेतो, बास मासा पकडणारे टेक्सास रिग करतात तसा टोक प्लास्टिकमध्ये लपवून, ते प्लास्टिक मुळातच मऊ. आणि हे टाइप करताना सुचतंय की पहाटे जायचंच कशाला, ऊन चढल्यावर उथळ पाणी तापतं, मरळ श्वास घ्यायला वर आली की बुडबुडे फुटतात, त्याच्या थोडं पुढे कास्ट टाकायचा. म्हणजे थर्माससुद्धा लागणार नाही.

पुढच्या रविवारी मुकणे धरणाला अकराच्या पुढे ट्राय करतोय, तिथल्या मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेला आधी विचारून. कोणी थंडीत टोड वापरला असेल तर वजन लावून की बिनवजनाचा, तेवढं सांगा.